लहान कळफलकाचा मोठा हिशेब

नाशिकच्या रविवार कारंजा परिसरातील एका घाऊक पेढीवर संध्याकाळची रोकड जुळवून झाली होती. गल्ल्याला कुलूप लावण्यापूर्वी नातवाने भ्रमणध्वनीवरील एक चित्र आजोबांसमोर धरले. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा महाविद्यालयाच्या पाच जणांच्या संघातून ‘व्हॅलोरंट’ हा संगणकीय खेळ खेळतो. दीड महिन्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येऊन ठेपली होती. चित्र एका कीबोर्डचे होते. कळा ६१, किंमत करासह ११,८०० रुपये.

आजोबांनी चष्मा सारखा करून चित्र न्याहाळले. “पेढीवरचा कीबोर्ड सातशेचा आहे, त्याला १०४ कळा आहेत. तू आणू म्हणतोस त्याला कळा चाळीसने कमी, आणि किंमत मात्र सोळापट. असे का?”

“दादाजी, स्पर्धेतले सगळे खेळाडू असाच वापरतात. तुम्ही एकदा हात लावून बघा.”

अशा वेळी घरात साधारणतः दोनच गोष्टी घडतात. एक तर मागणी उडवून लावली जाते, किंवा मुलाचा हट्ट म्हणून पैसे काढून दिले जातात. या आजोबांनी तिसरा मार्ग धरला. कर्ज मागणाऱ्याने बँकेपुढे प्रस्ताव मांडावा तसा प्रस्ताव त्यांनी नातवाकडे मागितला. प्रश्न तीन होते. ही किंमत नेमकी कशाची आहे? तिचा लाभ प्रत्यक्ष किती होईल? आणि हा खर्च कोणाच्या खाती पडेल? उत्तरासाठी आठ दिवसांची मुदत ठरली. मित्राचा तसलाच कीबोर्ड तेवढ्या दिवसांसाठी उसना मिळाला.

किंमत कशाची?

पेढ्यांवर व कार्यालयांत जो साधा कीबोर्ड असतो, त्यात सर्व कळांखाली मिळून एकच रबरी पडदा असतो. कळ दाबली की पडद्यावरील उंचवटा दबतो, खालच्या पातळ थरांवरील विद्युतरेषा एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटते. रचना स्वस्त आहे व हिशेबाच्या कामाला पुरेशीही आहे. परंतु रबर कालांतराने कडक होते, आणि कळ नेमकी कुठे लागू पडली हे बोटाला स्पष्ट कळत नाही.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक स्प्रिंग व धातूची संपर्कपट्टी असते. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणलेली ‘एमएक्स’ ही स्विचमालिका या क्षेत्रातील मापदंड मानली जाते. तिच्यातील लाल स्विच एकूण ४ मिलिमीटर खाली जातो. पण निम्म्या वाटेवर, म्हणजे २ मिलिमीटरवरच, कळ लागू पडते. त्यासाठी बोटाला सुमारे ४५ ग्रॅमचा भार द्यावा लागतो. वेगवान खेळासाठी असलेल्या चंदेरी स्विचमध्ये हे अंतर १.२ मिलिमीटर आहे. निळा स्विच दाबताना ‘टक्’ असा आवाज येतो. जुन्या टंकलेखन यंत्राची सवय असलेल्यांना तो आवडतो. शेजारच्या खोलीत झोपलेल्यांना आवडेलच असे नाही.

नातवाने मागितलेला कीबोर्ड याच्याही पुढचा, चुंबकीय स्विचांचा होता. त्यात धातूला धातू टेकतच नाही. कळीच्या दांडीत लहानसे चुंबक असते आणि खालच्या पाटीवर चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक असतो. ज्या तत्त्वावर तो चालतो, ते अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधले. संवेदकाला कळ किती खोल गेली हे सतत कळत असल्याने ती कोणत्या खोलीवर लागू पडावी हे वापरणाऱ्याला ठरवता येते. काही कीबोर्डांत ही मर्यादा मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत खाली आणता येते.

उरला कळांचा प्रश्न. पूर्ण कीबोर्ड १०४ कळांचा व सुमारे ४४ सेंटीमीटर लांबीचा असतो. उजवीकडील अंकांचा चौकोन काढला की ८७ कळा उरतात आणि लांबी सुमारे ३६ सेंटीमीटर होते. बाणांच्या कळा व वरची ‘एफ’ क्रमांकांची रांगही काढली की ६१ कळांचा, सुमारे ३० सेंटीमीटरचा कीबोर्ड तयार होतो. बाजारात त्याला ‘साठ टक्के’ म्हणतात. जागा वाचवण्यामागे कारण आहे. अशा खेळांत नेम अचूक बसावा म्हणून बरेच खेळाडू माऊसची संवेदनशीलता कमी ठेवतात. त्यामुळे माऊस मनगटाने नव्हे, तर संपूर्ण हाताने दूरवर फिरवावा लागतो. कीबोर्ड लांब असला की हात त्यावर आदळतो. म्हणजे कळा कमी केल्या त्या किंमत उतरवण्यासाठी नव्हे, तर माऊसला मोकळी जागा देण्यासाठी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजोबांना पटले. किंमत कळांच्या संख्येची नव्हती, प्रत्येक कळीखालच्या यंत्रणेची होती.

लाभ किती?

दुसऱ्या प्रश्नावर मात्र नातवाची खरी परीक्षा होती. “हा कीबोर्ड आठ हजार हर्ट्झचा आहे, जुना फक्त सव्वाशेचा,” असे त्याने मोठ्या विश्वासाने सांगितले. आजोबांनी कागद पुढे ओढला.

सव्वाशे हर्ट्झ म्हणजे संगणक कीबोर्डला सेकंदातून १२५ वेळा ‘काही दाबले का?’ असे विचारतो. दोन विचारण्यांत ८ मिलिसेकंदांचे अंतर पडते. हजार हर्ट्झला ते १ मिलिसेकंद होते आणि आठ हजारांना एक अष्टमांश मिलिसेकंद. दुसरीकडे, डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. सव्वाशेवरून हजारावर गेल्याने जास्तीत जास्त ७ मिलिसेकंद वाचतात. हजारावरून आठ हजारांवर गेल्याने एक मिलिसेकंदही वाचत नाही. पण जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा तोच असतो.

मग आजोबांनी विचारले, “तुझा पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो?” पडदा ६० हर्ट्झचा होता. म्हणजे दोन चित्रांत जवळजवळ १७ मिलिसेकंदांचे अंतर. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर तेच अंतर ७ मिलिसेकंदांवर येते. शिवाय घरातील इंटरनेट वायफायवरून, दोन भिंती ओलांडून मुलाच्या खोलीत पोहोचत होते. तेथे होणारा विलंब पडद्याच्या विलंबाहून कितीतरी मोठा आणि दर क्षणी बदलणारा होता. दरवाजा उघडा आणि मोरीला बोळा, अशी ही अवस्था. आठ हजार हर्ट्झचा कीबोर्ड आणून वायफाय तसेच ठेवणे म्हणजे दुसरे काही नव्हते.

याचा अर्थ कीबोर्डचा काहीच उपयोग नाही असा होत नाही, आणि तेथे नातवाची बाजू भक्कम होती. या खेळात धावता धावता नेम लागत नाही. क्षणभर थांबावे लागते. डावीकडे जाताना थांबायचे तर ‘ए’ कळ सोडून विरुद्ध दिशेची ‘डी’ कळ हलकेच दाबायची असते. साध्या मेकॅनिकल स्विचमध्ये कळ एका ठरावीक उंचीपर्यंत वर आल्याखेरीज ती ‘सुटली’ असे मानले जात नाही. चुंबकीय कीबोर्डमध्ये बोट किंचित उचलताच कळ सुटल्याची नोंद होते आणि पुन्हा किंचित दाबताच लागू पडल्याची. या सोयीला ‘रॅपिड ट्रिगर’ म्हणतात. नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीच्या ६० टक्के आकाराच्या कीबोर्डमुळे २०२२ पासून ती जगभर पसरली. येथे मिळणारा लाभ कागदावरचा नसतो. तो बोटाला जाणवतो.

दुसरा लाभ अधिक साधा, पण तितकाच खरा आहे. स्वस्त कीबोर्डमध्ये विशिष्ट तीन-चार कळा एकाच वेळी दाबल्या तर त्यांतील एखादी नोंदलीच जात नाही. हे पडताळण्यासाठी खर्च करावा लागत नाही. नोटपॅड उघडून खेळात लागणारी अक्षरे एकत्र दाबावीत आणि किती उमटली ते मोजावे. मुलाच्या जुन्या कीबोर्डवर काही जोड्यांत एक अक्षर दरवेळी गळत होते. उसन्या कीबोर्डवर एकही गळले नाही.

आठ दिवस एक वही ठेवली गेली. एका दिवशी जुना कीबोर्ड, दुसऱ्या दिवशी उसना. प्रत्येक सामन्यापुढे वेळ, निकाल आणि चूक कशामुळे झाली याची एक ओळ. वही पाहता तीन गोष्टी पुढे आल्या. कळ न उमटल्याची तक्रार जुन्या कीबोर्डवर वारंवार होती, उसन्यावर नव्हती. चित्र अडकल्याची तक्रार दोन्हींवर सारखीच होती. आणि रात्री अकरानंतरचे बहुतेक सामने, कीबोर्ड कोणताही असो, हरलेले होते. ही तिसरी नोंद आजोबांनी वाचून दाखवली नाही. मुलाने ती स्वतःच वाचली आणि वही मिटली.

पेढीला चालेल का?

तिसरा प्रश्न पैशांचा होता. येथे मुनीमजींनी एक सुचवण केली. बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे. ११,८०० मध्ये मूळ किंमत १०,००० आणि १८ टक्क्यांनी कर १,८०० रुपये. तेवढ्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळेल, आणि उरलेली रक्कम पेढीच्या खर्चात जाईल. नातवानेही दुजोरा दिला, “सुट्टीत मी पेढीवर नोंदी करतोच की, दादाजी. तेव्हा हाच वापरीन.”

आजोबांनी वाद घातला नाही. उसना कीबोर्ड पेढीच्या संगणकाला जोडला आणि दहा व्हाउचरांच्या नोंदी करण्यास सांगितले. टॅलीत जमेसाठी एफ ६, नावेसाठी एफ ५, विक्रीसाठी एफ ८, खरेदीसाठी एफ ९ लागते. तारीख बदलण्यासाठी एफ २. साठ टक्के कीबोर्डवर ही रांगच नाही. प्रत्येक वेळी ‘एफएन’ कळ धरून वरचा अंक दाबावा लागतो. अंकांचा चौकोन नसल्याने रकमा वरच्या रांगेतून, दोन्ही हातांनी भराव्या लागतात. दहा नोंदींना नेहमीच्या दुपटीहून अधिक वेळ लागला आणि एका रकमेत शून्य जास्त पडले. मुनीमजींनी ते पाहून स्वतःच मान हलवली.

न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की मराठी लेखनाची अडचण मात्र आली नाही. इन्स्क्रिप्ट पद्धतीत ‘ड’, ‘च’, ‘ट’ ही अक्षरे आणि ‘डॉक्टर’मधील ऑ-काराची खूण उजव्या कडेच्या चिन्हांच्या कळांवर असतात, तर ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘क्ष’, ‘श्र’ ही जोडाक्षरे अंकांच्या रांगेवर. या कळा ६१ मध्ये शाबूत आहेत. त्याहून लहान, अंकांची रांगच नसलेले कीबोर्डही बाजारात मिळतात. मराठीत लिहिणाऱ्याने ते घेऊ नयेत.

चाचणी संपल्यावर आजोबा म्हणाले, “आता मुनीमजी, तुम्हीच सांगा. ही वस्तू पेढीची आहे का?” उत्तर सर्वांनाच दिसत होते. जी वस्तू पेढीचे काम अडवते, ती पेढीसाठी घेतली असे लिहिणे म्हणजे वहीत खोटी नोंद करणे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७ (५) नुसार वैयक्तिक वापराच्या वस्तूवरील कराचे क्रेडिट घेता येत नाही. चुकीने घेऊन वापरलेले क्रेडिट परत करावे लागते, तेही वार्षिक १८ टक्के व्याजासह. वर दंडाचा प्रश्न वेगळाच. तथापि आजोबांचा मुद्दा व्याजाचा नव्हता. मुलाची पहिली मोठी खरेदी कोणत्या खाती नोंदली गेली, हे त्याच्या आयुष्यभर लक्षात राहते. १,८०० रुपये वाचवण्याची युक्ती घरातील वडीलधाऱ्यांनीच शिकवली, तर पुढे तो १८ लाखांच्या बिलावर काय करील, हे सांगण्यासाठी ज्योतिषी लागत नाही.

खेळ आणि पैज

घरातील स्त्रियांची चिंता याहून वेगळी होती. मुलाच्या आईने स्पष्ट विचारले, “यात पैसे लावतात का?” प्रश्न योग्य होता. ऑनलाइन खेळांच्या नावाखाली अनेक घरांनी हात पोळून घेतले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली आणि इस्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक संगणकीय खेळांना, वेगळी मान्यता दिली. स्पर्धेत प्रवेशशुल्क व कामगिरीवर आधारित बक्षीस असू शकते. निकालावर पैज लावता येत नाही. त्यापूर्वी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने इस्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील प्रकार म्हणून क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले होते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हा प्रकार प्रदर्शनीय होता आणि गुजरातच्या तीर्थ मेहता यांनी तेथे कांस्यपदक मिळवले. हांगझोऊच्या स्पर्धेत तर त्यात अधिकृत पदके दिली गेली. मुंबईचा ‘ग्लोबल इस्पोर्ट्स’ हा संघ २०२२ मध्ये व्हॅलोरंटच्या प्रशांत विभागीय आंतरराष्ट्रीय लीगसाठी निवडला गेला.

हे वाचून आईची काळजी पूर्ण मिटली असे नाही. खेळाचा आशय कोणता असावा आणि त्याला किती वेळ द्यावा, हे प्रत्येक घराने आपापल्या मर्यादेत ठरवायचे असते. या घरात तीन अटी ठरल्या. कोणत्याही खेळात पैसे लावायचे नाहीत. स्पर्धेचे नियम आधी वाचायचे. आणि रात्री साडेदहानंतर संगणक बंद. तिसरी अट मुलानेच सुचवली होती.

नियम वाचण्याची अट निरर्थक नव्हती. काही नव्या कीबोर्डांत अशी सोय असते की विरुद्ध दिशेच्या दोन कळा एकत्र दाबल्या तर शेवटची कळ आपोआप ग्राह्य धरली जाते. ‘काउंटर-स्ट्राइक २’ या खेळाच्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या अधिकृत सर्व्हरवर या सोयीला मनाई केली, कारण खेळाडूच्या बोटाचे कौशल्य यंत्रच करू लागले होते. प्रत्येक खेळाचा नियम सारखा नसतो. म्हणून अशी सोय बंद करता येते का, हे खरेदीपूर्वीच पाहून घ्यावे.

अखेर काय घेतले?

आठव्या दिवशी प्रस्ताव मंजूर झाला, पण मूळ स्वरूपात नव्हे. सर्वप्रथम राऊटरपासून मुलाच्या खोलीपर्यंत इंटरनेटची केबल ओढण्यात आली. खर्च काही शे रुपये. दोन दिवसांतच चित्र अडकण्याची तक्रार बव्हंशी थांबली. मग टेबल फुटपट्टीने मोजले. ६१ आणि ८७ कळांमध्ये फरक सहा सेंटीमीटरचा, आणि टेबलावर तेवढी जागा सहज होती. ८७ कळांच्या कीबोर्डवर बाण व एफ-रांग असल्याने अभ्यासाच्या कामातही अडथळा येणार नव्हता. चुंबकीय स्विचांचा, हजार हर्ट्झचा, आवाज न करणारा असा कीबोर्ड करासह ५,९०० रुपयांना मिळाला. आजीची खोली भिंतीला लागून असल्याने आवाजाची अट तिच्यासाठी होती. बिल मुलाच्या नावाने, पेढीच्या क्रमांकाविना. निम्मे पैसे त्याने वाढदिवसांच्या साठलेल्या रकमेतून दिले, निम्मे आजोबांनी आपल्या वैयक्तिक खात्यातून.

ज्या घरांत अशी मागणी येईल, त्यांच्यासाठी व्यवहाराचे मुद्दे थोडक्यात सांगता येतील. खरेदीपूर्वी उसना कीबोर्ड चार दिवस वापरून पाहावा आणि नोंद ठेवावी. आठ हजार हर्ट्झसाठी अधिक पैसे मोजू नयेत, हजार पुरेत. स्विच उपसून बदलता येतो का, हे पाहावे; एक कळ बिघडल्याने संपूर्ण कीबोर्ड टाकण्याची वेळ येत नाही. मात्र चुंबकीय कीबोर्डमध्ये कोणते स्विच चालतात, याची खात्री करून घ्यावी. कळांच्या टोप्या पीबीटी प्लास्टिकच्या असाव्यात. एबीएसच्या टोप्या लवकर गुळगुळीत व चकचकीत होतात. केबल सुटी करता येणारी असावी. वॉरंटी भारतातील विक्रेत्याची आहे की परदेशातील, हे बिलावर वाचावे. वस्तू दुरुस्तीसाठी परदेशी पाठवण्याच्या खर्चात दुसरा कीबोर्ड येतो. एकच संगणक खेळ व हिशेब या दोन्हींसाठी असेल, तर ८७ कळांहून लहान कीबोर्ड घेऊ नये. अंकांचा सुटा चौकोन वेगळा जोडता येतो, एफ-रांग मात्र सहजी मिळत नाही.

स्पर्धा झाली. मुलाचा संघ दुसऱ्या फेरीत बाहेर पडला. संध्याकाळी तो पेढीवर आला, तेव्हा आजोबांनी एवढेच विचारले, “काय झाले?”

“समोरचे चांगले खेळले, दादाजी,” तो म्हणाला. नंतर मुनीमजींच्या शेजारी बसून सातशे रुपयांच्या कीबोर्डवर त्याने दिवसभराची जमा-नावे भरली. रोकड जुळली.